वादळ शमते की ओसरते, आणि ते शमवता येते का?

हर्णैच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, बातम्यांत कधी ‘चक्रीवादळ शमले’ तर कधी ‘ओसरले’ असे येते. त्यांपैकी योग्य कोणते, आणि वादळ शमत असेल तर माणसाला ते शमवता येईल का?

दोन्ही प्रयोग रूढ आहेत. तरीही ओसरणे ही मुख्यतः पाण्याची क्रिया असल्यामुळे (पूर ओसरतो, उधाण ओसरते) वादळाबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी ओसरले आणि वादळ शमले, असे लिहिणे मला अधिक नेमके वाटते. शमणे म्हणजे जोर सरणे, आणि वादळाचे नेमके तेच होते. साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून उबदार असलेल्या समुद्रावरची वाफ वर चढून तिचे ढग होताना जी उष्णता बाहेर पडते, तिच्यावर चक्रीवादळ पोसले जाते. जमिनीवर आल्यावर ही रसद तुटते आणि घर्षणानेही वारे मंदावतात. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या ‘निसर्ग’ वादळाने ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनी श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, पण दुसऱ्या दिवशी त्याला चक्रीवादळ म्हणण्याइतका जोर उरला नव्हता.

‘शमवणे’ हे प्रयोजक रूप, म्हणून त्याला शमवणारा कर्ता हवा. अटलांटिकमध्ये अशाच वादळांना हरिकेन म्हणतात. त्यांचा जोर कमी करण्यासाठी अमेरिकेने १९६२ ते १९८३ या काळात ‘स्टॉर्मफ्युरी’ प्रकल्प चालवला. वादळाच्या डोळ्याभोवती, म्हणजे मधल्या शांत भागाभोवती, ढगांची जी भिंत असते, तिच्या बाहेरच्या ढगांत विमानांतून ढगातले पाणी गोठवणारे सिल्व्हर आयोडाइड सोडायचे, म्हणजे तेथे दुसरी, अधिक रुंद भिंत उभी राहून वारे मंदावतील, अशी ती कल्पना होती. १९६९ मध्ये ‘डेबी’ वादळाचे वारे फवारणीनंतर मंदावलेही. पुढे मात्र असे आढळले की, या फवारणीला लागणारे अतिशीत (शून्य अंशाखालीही न गोठलेले) पाणी हरिकेनच्या ढगांत फारच थोडे असते आणि भिंतींची अशी अदलाबदल फवारणी न केलेल्या वादळांतही आपोआप होते. त्यामुळे आज तरी ‘वादळ शमवले’ या वाक्याला कर्ता नाही.

‘वारा पडला’ हा आपल्याकडचा प्रयोगही येथे जपून वापरावा. वादळाचा डोळा माथ्यावर आला की वारा एकाएकी पडतो, क्वचित ऊनही दिसते; अशा वेळी वादळ शमले असे समजून होड्या पाहायला बंदरावर जाऊ नये, कारण डोळा पुढे सरकताच वारा उलट दिशेने पुन्हा तितक्याच जोराने सुटतो.