पर्याय न देता चूक दाखवणं म्हणजे वितंडवाद का?

प्रश्न असा आहे : एखाद्या सिद्धांतातली चूक दाखवली, पण स्वतःचा पर्याय मांडला नाही, तर त्याला ‘वितंडवाद’ म्हणणं बरोबर आहे का? नसेल, तर टीका, खंडन आणि आक्षेप यांपैकी कोणता शब्द योग्य?

बरोबर नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. ‘वाद’ तत्त्वनिर्णयासाठी, प्रमाण आणि तर्क यांच्या आधारानं चालतो. ‘जल्पा’त जिंकायचं असतं, म्हणून छलही (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम वेगळा अर्थ लावणं) चालतो. तिसरा प्रकार वितंडा. तिची व्याख्या ‘स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा’, म्हणजे ‘प्रतिपक्षाची स्थापना नसलेला तो म्हणजे वितंडा’, अशी आहे. यातल्या ‘स’कडे दुर्लक्ष होतं. ‘स’ म्हणजे जल्प. म्हणजे जिंकण्याची ईर्षा आणि स्वतःचा पक्ष न मांडणं, दोन्ही असेल तरच वितंडा. नुसता पर्याय नाही म्हणून कोणी वैतंडिक ठरत नाही. शिवाय हीच सूत्रं पुढे जल्प-वितंडेलाही जागा देतात : कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी.

खरी कसोटी आक्षेप नेमका कुठे लागतो ही. अनुमानाचे पाच अवयव आहेत : प्रतिज्ञा (सिद्ध करायचं विधान), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, उपनय (ते प्रस्तुत गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष). ‘शब्द नित्य आहे, कारण त्याला स्पर्श नाही’ या अनुमानात हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे तो नित्य आणि अनित्य दोन्हींत सापडतो. बुद्धीलाही स्पर्श नाही, पण ती अनित्य आहे. एवढं दाखवलं की ते अनुमान पडलं. शब्द अनित्य आहे हे मात्र त्यानं सिद्ध होत नाही, ते वेगळं सिद्ध करावं लागतं. मराठी लेखनात ही सीमा फार वेळा ओलांडली जाते : युक्तिवाद खोडला की निष्कर्षही खोटा, असं धरून चालतात.

विज्ञानातलं उदाहरण २०११ मधल्या ऑपेरा प्रयोगाचं. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनकेंद्राहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचं दिसलं. एक शंका अशी होती की ज्यांच्यापासून न्यूट्रिनो तयार होतात ते प्रोटॉनचे स्पंद फार लांब, १० मायक्रोसेकंदांहून मोठे, तेव्हा नेमका कोणता न्यूट्रिनो कधी निघाला हे सांख्यिकीनंच ठरवावं लागतं. मग आखूड स्पंद वापरून प्रयोग पुन्हा केला. फरक तसाच राहिला. ती शंका फिटली, पण चूक तिथे नव्हतीच, कारण दोन्ही वेळा कालमापनाची साखळी तीच होती. २०१२ मध्ये जीपीएसचा संकेत मुख्य घड्याळाकडे नेणाऱ्या प्रकाशतंतूची जोडणी सैल असल्याचं आढळलं. शेजारच्या इकारस प्रयोगातही न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाइतकाच निघाला. सैल जोडणी दाखवून देणाऱ्यांना सापेक्षतेला (प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही, असं सांगणाऱ्या आइन्स्टाइनच्या सिद्धांताला) पर्याय द्यावा लागला नाही, आणि त्यांना वैतंडिक म्हणणं हा सरळ अन्याय ठरेल.

म्हणून एका ठरावीक जागी बोट ठेवलं असेल तर ‘आक्षेप’ म्हणावं आणि ती जागाही सांगावी : मापन, हेतू की निष्कर्षाची व्याप्ती. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडून तो संपूर्ण पाडला, तरच ‘खंडन’. ‘टीका’ हा शब्द दोन्हीकडे जातो. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका आहे, म्हणजे विवरण, दोषदर्शन नव्हे. काटेकोर लेखनात तो एकटा वापरू नये. आणि ‘वितंडा’ हा आरोप करायचाच असेल, तर समोरच्यानं कोणता छल केला तेही दाखवावं लागेल.