कोरियन मालिकांमध्ये खरंच घाबरवणारी भुताची मालिका कोणती?

'रेव्हेनंट' (२०२३). बारा भाग, प्रमुख भूमिकेत किम ते-री. सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत पार्टटाइम कामं ओढणारी मुलगी (आपल्याकडच्या एमपीएससीवाल्यांना लगेच जवळची वाटेल!) वडिलांची आठवण म्हणून आलेली केसांची जुनी लाल फीत हातात घेते आणि माणसं मरायला लागतात. भूत फारसं दिसतच नाही. भिंतीवर तिचीच सावली पडते, पण केस मोकळे सुटलेले. तिथेच माझी टरकली. मुळाशी कोरियन लोकसमजूत आहे: लहान मुलाला उपाशी मारून त्याचं भूत कामाला लावायचं.

रक्तपात, झपाटणं, मंतरणं हवं असेल तर 'द गेस्ट' (२०१८) बघा. मात्र जेवताना नको.