वरून कोरडं, आतून ओलं : वाळवंटी सफरीबद्दल वाचकांचे प्रश्न

थंडी तोंडावर आली की बडोद्याहून छोट्या रणात, कच्छात आणि जैसलमेरकडे निघणाऱ्यांची पत्रं वाढतात. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. हॉटेलांचे आणि सफारीचे दर विचारणाऱ्यांनी माफ करावं. ते दर मोसमागणिक बदलतात आणि अंक हाती पडेपर्यंत शिळे होतात.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत घुडखर (रानगाढव) अभयारण्यात जायचं ठरतंय. घरी नवी फोर व्हील ड्राइव्ह गाडी असताना तिथल्या जीपचे पैसे कशाला द्यायचे? अभयारण्य १६ ऑक्टोबरला उघडतं असं कळलं, म्हणजे तोवर जमीन सुकलेली असणारच ना? (कारेलीबाग)

उत्तर : १६ ऑक्टोबर ही तारीख वनखात्याची आहे. रण ती पाळेलच असं नाही.

छोट्या रणातलं हे अभयारण्य सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचं आहे आणि जवळजवळ सपाट. पावसाळ्यात बनास, सरस्वती, रूपेण या नद्या आपलं पाणी तिथे आणून सोडतात आणि दुसऱ्या बाजूने कच्छच्या आखातातलं खारं पाणी आत शिरतं. खाली बारीक चिकणमाती असल्यामुळे हे पाणी मुरत नाही. ते फक्त उन्हाने उडून जातं, आणि तेही वरून खाली, अगदी सावकाश. म्हणून वरचे दोन-तीन इंच भेगाळलेले, खणखणीत दिसतात आणि त्यांच्याखाली पुट्टीसारखा लगदा असतो. माणूस चालत गेला तर काही होत नाही. दीड-दोन टनांची गाडी गेली की पापुद्रा फुटतो आणि चाक अॅक्सलपर्यंत खाली जातं. अशा जागी फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग एवढाच, की दोनाऐवजी चारही चाकं रुततात.

स्थानिक ड्रायव्हर गाडी कुठूनही हाकत नाहीत. जुन्या चाकोरीला तिकडे ‘चीलो’ म्हणतात. त्या वर्षी कोणता चीलो सुकला आहे आणि कोणत्या बेटाच्या कडेला अजून ओल आहे, हे त्यांना ठाऊक असतं. जीपचे पैसे या माहितीसाठी द्यायचे. त्यात परवाना काढण्याची धावपळही वाचते. ओळखपत्रं मात्र प्रत्येकाची, मूळ प्रत जवळ ठेवा.

ओली जागा ओळखायची खूण म्हणजे रंग. आजूबाजूपेक्षा गडद किंवा तुकतुकीत दिसणारा पट्टा टाळा. शंका आली तर उतरून टाच जोरात मारा. टाच आत गेली आणि खळग्याची कड चमकली, तर तिथूनच मागे फिरा. मिठाच्या आगरांचे बांध रस्त्यासारखे दिसतात, पण त्यांवर गाडी घालायची नाही. ते फुटले तर अगरियांची, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांची, महिन्यांची मेहनत वाहून जाते.

आणि गाडी रुतलीच तर पहिलं काम म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढणं. चाक जागच्या जागी फिरलं की ते स्वतःचा खड्डा स्वतः खणतं. सगळ्यांना उतरवा, सामान उतरवा, चाकांच्या मागची माती हाताने काढा, तिथे गाडीतल्या मॅट किंवा वेड्या बाभळीच्या फांद्या घाला (काट्यांची टोकं टायरकडे येणार नाहीत अशा) आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने रिव्हर्समध्ये हळू मागे या. पुढे काढायचा मोह बहुतेकांना होतो, पण पुढची जमीन तुम्ही पाहिलेली नसते आणि मागची पाहिलेली असते. दोर बांधायचा तो टो-हुकला. बऱ्याच गाड्यांत हा हुक जॅकच्या सामानात सुटा ठेवलेला असतो आणि बंपरवरची छोटी झाकणी उघडून तिथे पिळून बसवायचा असतो. हे घरीच एकदा करून बघा. बंपरला दोर बांधला तर बंपर येईल, गाडी येणार नाही.

परत आल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खारी माती चेसिसच्या कोपऱ्यात बसली की गंज तिथूनच सुरू होतो.

दिवाळी चुकवून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कधीही जा. बडोद्याहून अहमदाबाद, विरमगाममार्गे दसाडा सुमारे दोनशे किलोमीटर. चार-साडेचार तास धरा. आदल्या रात्री तिथेच राहिलात तरच पहाटेची सफारी मिळते. आणि ड्रायव्हरला ‘घुडखरांच्या मागे पळव’ म्हणू नका. हा प्राणी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावू शकतो हे खरं, पण कळपात शिंगरं असतात. गाडी थांबवून इंजिन बंद केलंत तर दहा मिनिटांत ते पुन्हा चरायला लागतात, आणि फोटोही तेव्हाच चांगला येतो.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, बाबा ७२. बाबांना ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे. जानेवारीत जैसलमेरला जातोय. थंडीत तहान लागत नाही, मग पाण्याचं ओझं किती न्यावं? ओआरएसची पाकिटं घेतली आहेत, ग्लासात टाकून दिली तर चालतील ना? (दांडिया बाजार)

उत्तर : दुसरा भाग आधी. ग्लासात अजिबात नाही. मोठं पाकीट, ज्यावर साधारण २१ ग्रॅम लिहिलेलं असतं, ते पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. २०० मिलीच्या ग्लासात ते ओतलं तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं. त्याने तहान वाढते, पोट बिघडतं, आणि लहान मुलांना व म्हाताऱ्यांना ते धोक्याचं ठरतं. लिटरची बाटली घ्या, पाकीट रिकामं करा, हलवा, २४ तासांत संपवा. उरलं तर फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग न लावता. खोक्यातून मिळणारी फळांच्या चवीची पेयं ही ओआरएसची जागा घेत नाहीत.

आता पाणी. बडोद्याची हवा दमट, त्यामुळे इथे घाम आलेला दिसतो, सदरा ओला होतो. थरच्या कोरड्या हवेत घाम त्वचेवर येताच उडून जातो. अंग कोरडं राहतं, ‘घामच येत नाही’ असं वाटतं, आणि पाणी मात्र जात असतं. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच कमी होते, त्यामुळे तहानेवर विसंबू नका. थंडीत दिवसाला माणशी तीन लिटर, मार्चनंतर किमान पाच. शिवाय चौघांसाठी दहा लिटर गाडीत राखीव, तेही एकाच बुधल्यात न भरता दोनांत, म्हणजे एक फुटला तरी दुसरा हाताशी असतो. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. मधल्या वाटेवर स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ही तक्रार खरी आहे, पण उपाय पाणी तोडण्याचा नाही. पोकरण, जैसलमेर अशा ठिकाणी स्वच्छतागृहाचे थांबे आधी ठरवून ठेवा.

ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढतात. बाबांची गोळी तशी आहे का आणि त्यांना पाण्याची किंवा मिठाची काही मर्यादा सांगितली आहे का, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि ओआरएस त्यांना सरबतासारखं जाता-येता देऊ नका. जुलाब, उलट्या किंवा खूप घाम गेल्यावरच द्या. एरवी पाणी, पातळ ताक, लिंबूपाणी पुरे.

खाण्यात थेपले आणि भाखरी उत्तम. लीलो चिवडा नेऊ नका असं बडोदेकराला सांगण्यात अर्थ नाही. न्या, पण तो ओलसर असतो, पहिल्या दोन दिवसांत संपवा.

हे पत्र जानेवारीचं, पण मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहायलाच हवी. कुणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग भाजत असेल, तर ते साधं ‘ऊन लागणं’ समजू नका. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडत वारा घाला, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

प्रश्न : सासर सोलापूरचं, त्यामुळे नान्नजला चारदा गेलो, माळढोक एकदाही दिसला नाही. जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात तरी दिसेल ना? समला दोन रात्रींचा टेंट बुक केला आहे. (मांजलपूर)

उत्तर : समचे टेंट आणि माळढोक यांचा फारसा संबंध नाही. तिथे उंट, जीप, रात्री ढोल आणि लाऊडस्पीकर. माळढोकाला यातलं काहीच सोसत नाही.

‘डेझर्ट’ म्हटलं की डोळ्यांपुढे वाळूचे डोंगर येतात. प्रत्यक्षात ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात वाळूच्या टेकड्या साधारण पाचव्या हिश्शातच आहेत. बाकी खडकाळ माळ, खारवट तळ आणि सेवण गवताची कुरणं. माळढोक, म्हणजे राजस्थानचा गोडावण, त्या कुरणांतला पक्षी. त्यासाठी उद्यानातल्या सुदासरीकडे जावं लागतं आणि वनखात्याची परवानगी लागते. ती जैसलमेरात आदल्या दिवशीच घ्या; पहाटे फाटकावर जाऊन मागणाऱ्यांची सकाळ वाया जाते. दोनपैकी एक रात्र समऐवजी सुदासरीच्या जवळपास किंवा खुरीच्या बाजूला काढता आली तर उत्तम.

दिसेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. जगात हे पक्षी दीडशेच्या आतच उरले आहेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. चाकोरी सोडून ‘जरा जवळून बघू’ म्हणून गवतात घातलेल्या एका जीपने त्या मादीचं पूर्ण वर्ष संपू शकतं. गाडीतून उतरू नका, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. लाल, पांढरे, चकचकीत कपडे नकोत. मातकट रंग बरे. माळढोक हुकला तरी चिंकारा, वाळवंटी खोकड आणि गिधाडं पाहायला मिळतात. सांडा हा काटेरी शेपटीचा सरडा मात्र डिसेंबर-जानेवारीत शोधू नका, तो तेव्हा बिळात झोपलेला असतो.

जाता-येता जैसलमेरपासून १७ किलोमीटरवरच्या आकलला थांबा. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत. मुलांच्या खिशात एखादा तुकडा येणार नाही, एवढं पाहा.

प्रश्न : वाळूत गाडी घालताना टायरची हवा कमी करतात म्हणे. किती? (सयाजीगंज)

उत्तर : डांबरी रस्त्यावर ३२-३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर मऊ वाळूसाठी सुमारे १८ वर आणा. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी रुतण्याऐवजी तरंगते. १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटू शकतो. वेग एकसारखा ठेवा, झटक्याने वळू नका. थांबताना ब्रेक दाबू नका. पाय काढा आणि उतारावर, तोंड खाली करून गाडी आपोआप थांबू द्या. परतताना डांबरावर चढण्याआधी हवा पुन्हा भरायची, आणि ती भरायला १२ व्होल्टचा पंप बरोबर हवा. हवा सोडणारे खूप, पंप नेणारे थोडे. कमी हवेवर ऐंशीच्या वेगाने गाडी हाकली की टायर तापून फुटतो. हा उपाय कोरड्या वाळूचा आहे. वर लिहिलेल्या रणाच्या चिखलात त्यावर भरवसा ठेवू नका.

प्रश्न : पुतण्या न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) आहे. जैसलमेरहून तनोटपर्यंत आणि नंतर धोर्डोला नेणार आहोत. तो ड्रोन आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणणार आहे, नेटवर्क नसलं तरी अडचण नको म्हणून. (रावपुरा)

उत्तर : ते यंत्र अमेरिकेतच ठेवायला सांगा, आजच. परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तसलं यंत्र भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळावरच अडवणूक होते. सीमेजवळ सापडलं तर प्रकरण आणखी जड जाईल. ड्रोनही नको. अभयारण्य आणि सीमाभाग, दोन्हीकडे मनाई.

ओसीआय कार्ड असलं तरी सीमेलगतच्या प्रतिबंधित भागासाठी परदेशी नागरिकाला वेगळा परवाना लागतो. तुम्हाला मुभा आहे म्हणून त्यालाही आहे असं धरू नका. तारखा पक्क्या होताच जिल्हा प्रशासनाकडे चौकशी करा. धोर्डोच्या पांढऱ्या रणासाठी तुम्हालाही परवाना काढावा लागतो. नेटवर्कसाठी साधा उपाय : नकाशे घरीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि मुक्कामी ‘अमुक वाजेपर्यंत परतलो नाही तर शोधा’ असं सांगून, वाट लिहून द्या.

प्रश्न : डिसेंबरात टेंटमध्ये थंडी आणि साप, दोन्हींची भीती वाटते. (वाडी)

उत्तर : थंडीची जास्त धरा. कोरड्या, निरभ्र हवेत जमिनीची ऊब सूर्य मावळताच वर निघून जाते. दुपारी २४-२५ अंश असताना पहाटे ७-८, कधी त्याहून खाली. उघड्या जीपच्या वाऱ्यात ते आणखी बोचतं, म्हणून पहाटेच्या सफारीला कानटोपी, हातमोजे आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट. नऊनंतर एकेक काढत जायचं. पायात लोकरीचे मोजे घालून माळावर चालू नका, भुरट गवताची काटेरी बोंडं त्यांत अशी रुततात की मोजा टाकूनच द्यावा लागतो. छोटा चिमटा जवळ ठेवा.

साप थंडीत मंद असतात. मात्र फेब्रुवारीनंतर फुरसं रात्री वाळूवर फिरतं, आणि ते आपल्या कोकणातल्यापेक्षा मोठं असू शकतं. अंधारात अनवाणी जाऊ नका, टॉर्च पायापुढे धरा, बूट झटकून घाला, सरपणात हात घालू नका. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. अंगठी, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून न हलवता थेट जिल्हा रुग्णालय गाठा. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, आणि हे कधी कधी काही तासांनी कळतं. सूज कमी दिसते म्हणून टेंटमध्ये सकाळची वाट पाहत बसू नका.