आरोपी निर्दोष सुटला, आता अपील कसं करू? आधी एवढं करा

भाऊ, आधी धीर धरा, निकाल लागला म्हणजे सगळं संपलं असं नाही. उद्याच कोर्टात नक्कल अर्ज टाका, प्रमाणित निकालपत्र हातात आल्याशिवाय कुठलाच वकील नीट सांगू शकत नाही. बरेच लोक सरकार अपील करेल म्हणून बसून राहतात, ही पहिली चूक. पीडिताला स्वतःचा हक्क आहे, आधी सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३७२ होतं, आता बीएनएसएस (तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४१३, आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय.

- समजा चाळीसगावच्या मॅजिस्ट्रेटचा निकाल असेल तर अपील जळगाव सेशनला, सेशननेच सोडलं असेल तर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात.
- कलमात पीडितासाठी मुदत लिहिलेली नाही, तरी उशीर करू नका, नंतर प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यावा लागतो.

दुसरी चूक म्हणजे अपिलात राग लिहिणं. सुटलेल्या माणसाच्या बाजूने निर्दोषत्वाचं गृहीतक (गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा, हा नियम) अजून पक्कं झालेलं असतं, म्हणून कोणत्या साक्षीदाराचं, पंचनाम्यातलं काय कोर्टाने बघितलंच नाही ते पानासकट दाखवा. नुसतं दुसरं मत शक्य आहे एवढ्यावर निकाल फिरत नाही. बाकीचं नक्कल मिळाल्यावर विचारा, मी सांगतो.