पेटंटची नोटीस कोणाच्या नावावर?

प्रश्न : न्यू जर्सीत इंटरनेट फोनची छोटी सेवा सुरू करतो आहे. अडॅप्टर (साधा फोन इंटरनेटला जोडणारी डबी), सर्व्हर सगळे तयार विकत घेतले. उद्या कोणी पेटंटचा दावा लावला तर यंत्र बनवणारा निस्तरेल ना?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : निस्तरेलच असे नाही. अमेरिकी कायद्यात पेटंट असलेली वस्तू बनवणारा, विकणारा आणि वापरणारा, तिघेही थेट उल्लंघन करणारे ठरतात. पेटंटधारक कोणालाही गाठू शकतो.

पेटंटातली चित्रे आणि सारांश बाजूला ठेवा, शेवटी छापलेले दावे, म्हणजे पेटंटाचा हक्क नेमका कशावर हे सांगणारी वाक्ये, वाचा. व्हेरायझन या फोन कंपनीने तुमच्याच राज्यातल्या व्होनेज या इंटरनेट फोन कंपनीवर भरलेल्या खटल्यात एका दाव्यातली कृती अशी होती : सर्व्हरकडे एका नावाची विचारणा येते, तो त्या नावाचा फोन नंबर काढतो आणि नंबरासोबत गेटवेचा (इंटरनेट आणि साधे टेलिफोन जाळे जोडणाऱ्या यंत्राचा) इंटरनेट पत्ताही परत पाठवतो. हे काम ग्राहकाच्या टेबलावरची डबी करत नाही, सेवेचा सर्व्हर करतो. कृतीच्या दाव्यात पायऱ्या पार पाडणाराच सापडतो, मग सर्व्हर कुठल्याही कारखान्यातून आलेला असो. मार्च २००७ मध्ये ज्यूरीने तीन पेटंटांपोटी ५ कोटी ८० लाख डॉलर ठरवले. अपिलात दोन पेटंटांवरचे उल्लंघन कायम राहिले, रक्कम मात्र रद्द झाली, कारण कोणत्या पेटंटाचे किती हे ज्यूरीने वेगळे सांगितलेच नव्हते. तरी मिटवताना व्होनेजची तयारी १२ कोटींपर्यंत गेली!

तुमच्या हातात आहे तो खरेदीचा करार. त्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्याने माल पेटंटाच्या तंट्यातून मोकळा दिला आहे, असे विक्री कायदा गृहीत धरतो. पण करारात ही हमी काढून टाकता येते. आणि यंत्र तुम्ही दिलेल्या तपशिलाबरहुकूम बनवले असेल तर उलट तुम्हीच विक्रेत्याला सांभाळायचे. भरपाईच्या कलमात (पेटंटाचा दावा लागल्यास खर्च विक्रेत्याने सोसायचा, असे कलम) ‘इतर उपकरणांशी जोडून वापरल्यास लागू नाही’ हे वाक्य हमखास सापडते. अहो, अडॅप्टर, सर्व्हर, गेटवे जोडल्याशिवाय घंटाच वाजत नाही. मग ती हमी कशाला लागू? विक्रेत्याने स्वतः सुचवलेली जोडणी त्या वाक्यातून वगळून घ्या. भरपाईची कमाल मर्यादा यंत्राच्या किमतीएवढीच नाही ना, तेही पाहा. खटला भरल्याचे कळले की विक्रेत्याला लेखी कळवा. वाजवी वेळेत कळवले नाही तर भरपाईचा हक्क जातो.

विक्रेत्याकडे त्या पेटंटाचा परवाना असेल तर पुरावा मागा. अधिकृत विक्रीनंतर त्या नगावर पेटंटधारकाचा हक्क उरत नाही, आणि अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या क्वांटा निकालापासून हे कृतीच्या दाव्यांनाही लागू आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यात अडॅप्टर बनवून अमेरिकेत विकतो, सेवा दुसऱ्याची. आमच्या अंगावर येईल का?

उत्तर : पुण्यात बनवणे हे अमेरिकी पेटंटाचे उल्लंघन नव्हे. डबीवरच पेटंट असेल तर तिथे आयात करणारा थेट सापडतो. कृती सेवेची असेल तर तुमच्यावर आरोप चिथावणीचा, म्हणजे दुसऱ्याला उल्लंघन करायला लावल्याचा. त्यासाठी पेटंटाची आणि उल्लंघनाची जाणीव असणे, किंवा मुद्दाम डोळे मिटून घेणे, सिद्ध करावे लागते. डबी कोणत्याही सेवेवर चालत असेल तर बाजू बळकट. एकाच सेवेची सेटिंग भरून, जोडणीच्या पायऱ्या छापून पाठवलीत, तर ती पुस्तिकाच समोरच्याच्या वकिलाच्या टेबलावर दिसेल.