कंपनी बदलली तर ग्रीन कार्डाची रांग जाते का?

प्रश्न: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगा न्यू जर्सीत एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, कंपनीने त्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर करून घेतलंय, पण आता दुसरीकडे चांगली ऑफर आलीये, तर जॉब बदलला की सगळं पहिल्यापासून का? आणि माझे दीर तिकडचे सिटिझन आहेत, ते म्हणतात मी फाइल करतो, त्यात मुलगा पण येईल का?

उत्तर: ताई, कागदपत्रं परत करावी लागतील, म्हणजे नवीन कंपनीला पर्म (कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० दोन्ही, पण जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, सहसा त्याच्याकडेच राहते आणि रांगेत खरी किंमत तिलाच आहे. फक्त मंजुरीला १८० दिवस झालेत का ते बघूनच राजीनामा द्यायला सांगा, कारण त्यानंतर जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतलं तरी एच-१बी नेहमीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढे वाढवायला ते चालतं. रांग लांब का, तर एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांच्या वर कोटा नाही, आणि देश जन्माचा धरतात.

दिरांचं म्हणाल तर भावाची कॅटेगरी एफ-४, त्यात भारतीयांना पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. तुमच्या मिस्टरांबरोबर तुम्ही याल, पण एकवीस ओलांडलेला मुलगा नाही. तरी फाइल करून ठेवायला हरकत नाही. (टुरिस्ट व्हिसा घेताना मात्र ते लपवू नका हं.) मुलगा सिटिझन झाला की तुम्हा दोघांना तोच बोलावेल, आईवडिलांना कोटा नसतो. नुसत्या ग्रीन कार्डावर मात्र बोलावता येत नाही.