‘लिन कॅनॉल’ला कालवा म्हणावं का?

प्रश्न असा आला: अलास्कावरच्या एका मराठी लेखात ‘लिन कालवा’ असं वाचलं, तर हिमनद्यांच्या त्या मुलखात एवढा मोठा कालवा खणला कुणी?

कुणीच नाही. समुद्राचाच तो जमिनीत घुसलेला फाटा आहे. लांबी सुमारे १४० किलोमीटर, खोली काही ठिकाणी ६०० मीटरच्या वर. हिमनद्यांनी डोंगर कोरले आणि त्या दरीत समुद्र शिरला.

१७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या जोसेफ व्हिडबीनं होड्या घेऊन हा किनारा धुंडाळला. व्हँकूव्हरनं या फाट्याला आपल्या जन्मगावाचं, इंग्लंडमधल्या किंग्ज लिनचं, नाव दिलं. त्या काळच्या इंग्रजीत ‘कॅनॉल’ खणलेलाच असावा असा दंडक नव्हता, समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यालाही तो शब्द चाले. ‘कॅनॉल’ आणि ‘चॅनल’ तसे सख्खे भाऊच. दोघंही लॅटिन ‘कानालिस’ची लेकरं, फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजीत आलेली. स्पॅनिशमध्ये तर अजून वाटणीच झालेली नाही. पनामाचा कालवाही ‘कनाल’ आणि इंग्लिश खाडीही ‘कनाल’च.

(‘कानालिस’च्या मुळाशी बोरू किंवा वेत या अर्थाचा ‘कान्ना’ आहे. आपला ‘नळ’ही संस्कृतातल्या बोरूवाचक ‘नल’चाच. दोन्ही शब्दांचं नातं नाही, पण पोकळ काडीवरून पाण्याची वाट सुचणं दोन्हीकडे सारखंच.)

दक्षिणेकडच्या पोर्टलंड कॅनॉलची, म्हणजे अलास्का-कॅनडा सरहद्दीवरच्या अशाच एका फाट्याची, गंमत आणखी वेगळी. १८२५च्या ब्रिटन-रशिया तहात सरहद्द आखताना त्याला ‘पोर्टलंड चॅनल’ म्हटलं होतं. पुढे अलास्का अमेरिकेकडे गेल्यावर हा चॅनल म्हणजे बेटांच्या नेमक्या कुठल्या बाजूचं पाणी, यावर वाद पेटला. १९०३च्या लवादानं तिथली दोन बेटं कॅनडाला आणि दोन अमेरिकेला दिली. आजच्या नकाशावर तिथं ‘कॅनॉल’च लिहिलेलं असतं.

मग मराठीत काय लिहावं? गावाकडे ‘कॅनॉलला पाणी सुटलं’ म्हणतात, तेव्हा डोळ्यांपुढे पाटबंधारे खात्याचाच कालवा येणार. म्हणून ‘लिन कालवा’ नकोच. ‘सामुद्रधुनी’ही बसत नाही, ती दोन जलाशय जोडते आणि लिनचं उत्तरेकडचं टोक तर बंद आहे. विशेषनाम ‘लिन कॅनॉल’ असंच ठेवावं, वर्णनात ‘खाडी’ म्हणावं. फक्त ही खाडी कोकणातल्यासारखी नदीच्या मुखाशी पसरलेली, उथळ, खाजणाची नव्हे, एवढं वाक्य जोडीला हवं.